ठसका न लागलेला घोट

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबा घरी आले तेव्हा त्यांचे बोलणे बऱ्यापैकी स्पष्ट होते. त्यामुळे डॉक्टरांनी स्पीच थेरपिस्टकडे जायला का सांगितले, हे मला उमगले नाही. चहा पिताना त्यांना ठसका लागत नसे. फक्त चहानंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येई आणि संध्याकाळी अंगात कणकण असे.

गिळण्याचा त्रासही स्पीच थेरपिस्टच पाहतात, हे तिथे कळले. थेरपिस्टबाईंनी पहिल्याच भेटीत नेमके या दोन गोष्टींबद्दल विचारले. झटक्याने घशाची संवेदना कमी झाली असेल, तर घोट श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही, आणि ते बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणून व्हिडिओफ्लुओरोस्कोपी, म्हणजे गिळतानाची क्ष-किरण चित्रफीत घेणारी तपासणी, झाली. क्ष-किरण यंत्रासमोर बसवून बाबांना बेरियम मिसळलेले पातळ आणि दाट द्रव चमच्याचमच्याने दिले. पातळ द्रवाची काळी रेघ स्वरयंत्राखाली उतरताना मी पडद्यावर पाहिली. बाबा मात्र शांत बसले होते. त्या क्षणी मला फार भीती वाटली. मग बाई म्हणाल्या, "काका, हनुवटी छातीकडे घ्या आणि मगच गिळा." तसे केल्यावर दाट द्रव सरळ अन्ननलिकेत गेला.

खरी कसोटी स्वयंपाकघरात होती. दाटपणा अंदाजाने ठरवायचा नाही, हे मी तिथेच शिकले. 10 मिलीची सिरिंज भरायची, टोकावरचे बोट काढून 10 सेकंद थांबायचे. 4 ते 8 मिली उरले तर द्रव आम्हाला सांगितलेल्या दाटपणाच्या पातळी 2 चा, म्हणजे थोडासा दाट. द्रव दाट करायची स्टार्चची पावडर लाळेमुळे पुन्हा पातळ होऊ शकते, म्हणून आम्ही झँथन गमची घेतली. दुधात कुस्करलेली भाकरी मऊ म्हणून मी आनंदाने भरवत होते, तीही बंद करावी लागली, कारण दूध आधीच घशात उतरते आणि तुकडे तोंडात मागे राहतात. प्रत्येक जेवणानंतर दात आणि जीभ स्वच्छ करायची, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. शिवाय उताणे झोपून, खांदे न उचलता, डोके वर करून पायांच्या बोटांकडे पाहण्याचा व्यायाम दिवसातून 3 वेळा होता. बाबांची मान दुखे, तरी त्यांनी तो 6 आठवडे चुकवला नाही.

दुसऱ्या तपासणीत हनुवटी खाली घेऊन दिलेला चमचाभर पातळ द्रव श्वासनलिकेत गेला नाही. आता त्यांचा सकाळचा चहा पावडरीशिवाय असतो, चमच्याने, आणि तो संपेपर्यंत मी शेजारी बसते. कपाने प्यायची परवानगी अजून मिळालेली नाही.