मी वर थांबणारा

सोमवार

रोल पक्का झाला. दुपारी कास्टिंगवाल्या मुलीचा फोन आला, "सर, लॉक झालंय, डेट्स मेल करते." भारताची चंद्रावरची पहिली माणसांची मोहीम, काळ थोडा पुढचा, तिघांचं पथक. दोघं चंद्रावर उतरतात. मी तिसरा. म्हणजे यानात एकटा बसून चंद्राभोवती घिरट्या घालायच्या आणि खालचे दोघं परत येईपर्यंत वाट बघायची. अंतराळवीराचा रोल मिळाला आणि तोही चंद्रावर न उतरणाऱ्याचा! माझ्या एकूण कारकिर्दीला साजेसं झालं म्हणायचं.

आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "हेल्मेटमध्ये तोंड दिसणार का रे तुझं?"

दिसेल, कारण मालिकेतल्या हेल्मेटला आतून दिवे असतात. खऱ्या माणसाला असे दिवे तोंडावर मारले तर त्याला बाहेरचं काही दिसणार नाही, पण प्रेक्षकांना नट दिसायला हवा ना! पुढची काचही बऱ्याचदा नसतेच, नंतर कॉम्प्युटरवर बसवतात. नाहीतर तिच्यात अख्खं युनिट दिसतं, कॅमेरामनपासून चहावाल्या दादापर्यंत.

माझी निवड का झाली हे कोडं होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, बँकेतला कॅशियर, नायिकेचा भाबडा काका करणारा माणूस. 1998 साली दूरदर्शनवर केतन मेहतांचं 'कॅप्टन व्योम' लागायचं, त्यात मिलिंद सोमण होता. राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, तो बांधा, तो जबडा. अंतराळातला माणूस म्हटला की आपल्याकडे अजून तोच डोळ्यांसमोर येतो. डायरेक्टरला सरळ विचारलं. तो म्हणाला, "त्याच वर्षीची अमेरिकन मालिका आहे, 'फ्रॉम द अर्थ टू द मून'. सातवा भाग बघ, मग बोलू."

बुधवार, रात्री उशिरा

बघितला. आणि परत लावला.

बारा भागांची मालिका, एचबीओची. निर्मात्यांत टॉम हँक्स. अपोलोची, म्हणजे अमेरिकेच्या चंद्रमोहिमांची, सगळी कहाणी आहे, पण प्रत्येक भागाचा धनी वेगळा. कधी यान बांधणारे इंजिनिअर, कधी अंतराळवीरांच्या बायका. सातवा भाग अपोलो 12 चा, आणि तो सांगतो ॲलन बीन. चंद्रावर चाललेला चौथा माणूस. पहिल्याचं नाव शाळेतल्या पोराला येतं, दुसऱ्याचं जाणकारांना. चौथ्याला कोण विचारतो?

बीन केलाय डेव्ह फोलीने. कॅनडाचा विनोदी नट, 'द किड्स इन द हॉल' या टोळीतला, आणि मालिका आली तेव्हा 'न्यूजरेडिओ' नावाच्या सिटकॉममध्ये एका रेडिओ स्टेशनच्या न्यूज डायरेक्टरचं काम करत होता. गोल, गुळगुळीत, अजिबात लक्षात न राहणारा चेहरा. असा माणूस चंद्रावर? पण बीनची खरी गोष्ट वाचली की कळतं, असाच हवा होता. 1963 मध्ये बीनची निवड झाली, पण त्याला आडबाजूच्या कामावर टाकलेलं. अपोलो 12 च्या जागेवर खरं तर क्लिफ्टन विल्यम्स जायचा. ऑक्टोबर 1967 मध्ये त्याचं टी-38 विमान पडलं, तो गेला, आणि कमांडर पीट कॉनरॅडने बीनला मागून घेतलं. बीन नौदलात टेस्ट पायलटचं शिक्षण घेत असताना कॉनरॅड त्याचा शिक्षक होता. कॉनरॅड आणि तिसरा, डिक गॉर्डन, हे आधीच एकदा बरोबर अंतराळात जाऊन आलेले, जिवलग. या जोडगोळीत नवखा बीन. त्या मोहिमेच्या बिल्ल्यावर चार तारे आहेत. तीन या तिघांचे, चौथा विल्यम्सचा. ती कल्पना बीनची.

हे वाचल्यावर फोलीचा आवाज वेगळाच ऐकू यायला लागला. सगळ्या भागाला त्याचं निवेदन आहे आणि त्यात एक सुखावलेपण आहे, आपल्याला या दोघांनी आपल्यात घेतलं याचं. चंद्राचा नंबर त्यानंतर लागतो. मोठ्या नटाला हे करता आलं नसतं असं माझं मत झालंय. मोठा नट फ्रेममध्ये आला की फ्रेम त्याची होते. फोली इतर दोघांकडे बघत राहतो, आपण त्याच्याबरोबर बघत राहतो.

आता विजेचा प्रसंग. 14 नोव्हेंबर 1969, पावसात उड्डाण. 36 सेकंदांनी रॉकेटवर वीज पडली, 52 व्या सेकंदाला परत. यानाला वीज देणारे फ्युएल सेल बंद, पॅनलवर धोक्याचे दिवे, ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात येणारे आकडे निरर्थक. तिथे कन्सोलवर जॉन आरन नावाचा 26 वर्षांचा पोरगा. त्याने एक सूचना दिली, "एससीई टू ऑक्स." म्हणजे आकडे पाठवणाऱ्या यंत्रणेची कळ पर्यायी जागेवर टाका. अशी काही कळ असते हे कॉनरॅडला उमगेना, फ्लाइट डायरेक्टरलाही नाही. बीनला माहीत होतं ती कुठे आहे. त्याने ती खाली केली, आकडे परत आले, मोहीम वाचली. एवढंच. एक कळ.

आपल्याकडे हा सीन लिहिला असता तर किती पानं झाली असती! बायकोचा फोटो, फ्लॅशबॅक, घाम, देवाचं नाव, मग थरथरता हात. माझ्या स्क्रिप्टमध्ये तसा एक सीन आहेच, चौथ्या भागात. खऱ्या ध्वनिफिती ऐकल्यात मी. हे लोक विजेच्या तडाख्यातही पॅनलवरचे दिवे असे वाचून दाखवतात, जणू वाण्याची यादी. आणि संकट टळल्यावर हसायला लागतात. ते हसणं विनोदी नटालाच जमतं, टायमिंग लागतं त्याला.

जाता जाता एक मजा. चंद्रावर बीन टीव्हीचा कॅमेरा हलवत होता, तो नेमका सूर्याच्या दिशेने वळला आणि आतली नळी जळाली. चित्र गेलं, नुसता आवाज उरला. मग चॅनेलवाल्यांची पंचाईत. एनबीसीने चक्क कळसूत्री बाहुल्या नाचवल्या पडद्यावर. म्हणजे अंतराळवीरांचे डमी टीव्हीवर काम करत होते ते तेव्हापासून. आमची परंपरा जुनी आहे.

शुक्रवार

हार्नेसची ट्रायल. कंबर सोलून निघालीय, घरात लंगडत फिरतोय. आई तेल गरम करून देतेय आणि वर विचारतेय, "त्या शुभांशूलाही असंच बांधलेलं का?" तिला तो अंतराळवीर शुभांशू शुक्ला फार आवडतो. वर जाताना आमरस घेऊन गेला होता म्हणून.

गोष्ट अशी. वजन नसलं की शरीर आपोआप एक बैठक घेतं. गुडघे थोडे वाकतात आणि हात पुढे येऊन छातीसमोर तरंगतात. आम्हाला कमरेच्या दोन वायरींवर टांगतात, पण हातांना कोण टांगणार? ते बिचारे पृथ्वीवरच असतात, खाली पडतात. त्यामुळे पूर्ण टेकभर हात आपल्या ताकदीने वर धरायचे, आणि वर ते सैल आहेत असं दाखवायचं. दहा मिनिटांत खांदे भरून येतात. फाइट मास्टरने मला सांगितलं, "काका, मान सैल सोडा, मान सगळं सांगून टाकते." खरंय. मॉनिटरवर बघितलं तर माझे हात तरंगत होते, पाय तरंगत होते, आणि मानेच्या शिरा ताणून उभ्या.

दुसरं म्हणजे ढकलणं. नवखा माणूस वर गेला की भिंतीला जोरात रेटा देतो आणि पलीकडे आपटतो. मुरलेला बोटाच्या टोकाने ढकलतो. माझा कॅरेक्टर मुरलेला आहे, म्हणजे सगळी हालचाल बोटांवर. वायर ओढणारी पोरं आणि माझं बोट यांची वेळ एक झाली पाहिजे. तबलजी आणि कथक करणाराचं जमतं तसं जमवावं लागणार. ती पोरं फार हुशार आहेत, त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

'अपोलो 13' सिनेमासाठी हँक्स आणि मंडळी खाली सूर मारणाऱ्या विमानात शूटिंग करत होती. एका सूरात जेमतेम 25 सेकंद वजन जातं, तेवढ्यात शॉट उरकायचा. टीव्हीला ती चैन परवडत नाही. पण चंद्रावर चालण्यासाठी त्या मालिकावाल्यांनी जे केलं ते मला जास्त आवडलं. कॅलिफोर्नियात टस्टिन इथे मरीन दलाचा जुना तळ होता, तिथे ब्लिम्पसाठी, म्हणजे फुग्यासारख्या हवाई जहाजांसाठी, बांधलेलं प्रचंड हँगर. त्यातल्या साधारण निम्म्या जागेत सिमेंट ओतून त्याला चंद्राचा आकार दिला, खड्डे-बिड्डे. छताजवळ सुमारे दोन मीटर व्यासाचा फुगीर आरसा लावला आणि त्यावर झोत मारला. सूर्य एकच, सावली एकच, काळी कुळकुळीत. आणि नटांच्या पाठीला बांधले हेलियमचे मोठे फुगे, वेधशाळेवाले सोडतात ते. वजन सहाव्या हिश्शावर.

यात खरी गंमत हातांची आहे. चंद्र दाखवायचा की आपले लोक कॅमेरा स्लो करतात. मग हातही स्लो होतात, सगळा माणूस मधात पडल्यासारखा दिसतो. अपोलोच्या खऱ्या चित्रफितीत असं नाही. उडी सावकाश खाली येते, पण हात भराभर काम करत असतात. दोरी सोड, पेटी उघड, फावडं मार. फुग्यांनी नेमकं हेच साधलं, वजन घेतलं आणि हातांचा वेग नटाकडे ठेवला. आमच्या सेटवरच्या चंद्रावर उतरणाऱ्या दोघांना मी हे सांगितलं. धाकटा म्हणाला, "दादा, आपल्याकडे फुग्यांचं बजेट वाढदिवसाच्या सीनला असतं."

रविवार

सुट्टी. दिवसभर डिक गॉर्डन डोक्यात. माझा पूर्वज तोच.

त्या सातव्या भागात टॉम व्हेरिकाने त्याचं काम केलंय. मित्र खाली उतरले, साडेएकतीस तास चंद्रावर होते, हा वर एकटा. त्याच्या आधी अपोलो 11 मध्ये मायकेल कॉलिन्सने तेच केलं. चंद्रामागे गेलं की दर फेरीत सुमारे 48 मिनिटं पृथ्वीशी बोलणं बंद. लेखक मंडळी इथे लगेच एकटेपणाचं स्वगत लिहितात. माझ्याही स्क्रिप्टमध्ये दीड पान आहे, त्यात आई, गाव, विहीर, सगळं आलंय. पण कॉलिन्सने पुढे लिहून ठेवलंय की तिथे त्याला एकाकी वाटलं नाही, उलट बरं वाटत होतं. कामाचा डोंगर असतो हो! यान एकट्याने सांभाळायचं, खालचे वर आले की त्यांच्याशी नेमकं जोडून घ्यायचं, आणि ते आले नाहीत तर एकट्याने घरी यायचं. शेवटची गोष्ट मनात असतेच, पण ती बोलायची नसते.

गॉर्डनचं मला सगळ्यात काय आवडलं सांगू? कॉनरॅड आणि बीन परत आले तेव्हा चंद्राच्या काळ्या धुळीने नखशिखांत माखलेले. गॉर्डनने दारातून बघितलं आणि माझ्या स्वच्छ यानात असं यायचं नाही म्हणून बजावलं. दोघांनी सूट उतरवले आणि नागडे तरंगत आत आले. चंद्रावरून परतलेल्या वीरांचं स्वागत हे असं. पावसाळ्यात आई मला दारातच थांबवते तो सूर मला इथे पुरेसा आहे. माझ्या रोलची किल्ली मी हीच धरलीय. यान हे त्याचं घर आहे आणि तो ते नीट ठेवतो. बाकी काही अभिनय करायचा नाही.

गॉर्डन पुढे अपोलो 18 चा कमांडर होऊन स्वतः उतरला असता, पण 1970 मध्ये ती मोहीमच रद्द झाली. बीन अंतराळ सोडून चित्रकार झाला, 1981 पासून फक्त चंद्र रंगवला, मोहिमेच्या बिल्ल्यांना चिकटलेली धूळ रंगात मिसळून. कॉनरॅड 1999 मध्ये मोटरसायकल अपघातात गेला. गॉर्डन 2017 ला, बीन 2018 ला.

संध्याकाळी डायरेक्टरला फोन केला. दोन गोष्टी मागितल्या. एक, ते दीड पान स्वगत काढ आणि त्या जागी मला केबिन पुसू दे, कळा तपासू दे, जेवणाची पाकिटं लावू दे. तो म्हणाला, "लेखक दुखावेल, पण बघतो." दुसरी गोष्ट बोलण्यातल्या अंतराची. पृथ्वीवरून शब्द चंद्रापर्यंत यायला सव्वा सेकंदाच्या वर लागतो, परत जायला तेवढाच. म्हणजे मी विचारलं की उत्तर अडीच सेकंदांनंतर. सगळ्या मालिकांमध्ये हे कापून टाकतात, पृथ्वी आणि चंद्र शेजारच्या खोल्यांतून बोलतात. राज्य नाट्य स्पर्धेत एवढा पॉज घेतला असता तर विंगेतून प्रॉम्प्टर ओरडला असता. पण मला तो हवाय. प्रत्येक प्रश्नानंतर माणसाला अडीच सेकंद मिळतात, त्यात तो काय करतो हे बघायला मजा येईल. माझा तिसरा माणूस त्यात पेन पकडेल, तरंगत चाललेलं.

"अडीच सेकंद टीव्हीवर?" डायरेक्टर म्हणाला. "एडिटर झोपेतही कापेल ते. तूच बोल त्याच्याशी."

नंबर घेतलाय. उद्या कॉल टाइम सकाळी सहाचा आहे, एडिटर दुपारपर्यंत उठत नाही म्हणे. लंच ब्रेकमध्ये लावतो.