तुम्ही विचारलंत म्हणून: वाचताना पेन्सिल कशाला?

‘पुस्तकात रेघा मारता? खराब नाही का होत?’ हा प्रश्न न वाचणारे कधीच विचारत नाहीत, वाचणारेच विचारतात. माझ्या मते वाचण्याचा अर्धा आनंद समासात असतो. (पानाच्या कडेची कोरी जागा म्हणजे समास आणि शब्दांची जोडणी म्हणजेही समास, हे मराठीत भलतंच छान जमलंय.)

पेन्सिल एचबी घ्यावी. टूबी मऊ असते. पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर काळं उमटतं. कडक एचचा चरा पडतो, तो खोडरबरानं जात नाही. हायलायटर तर नकोच, पातळ कागदातून शाई मागच्या बाजूला उतरते. चिकटचिठ्ठी जुन्या कागदाचा पापुद्रा घेऊन निघते. गुळगुळीत आर्ट पेपरवर पेन्सिल नीट उठत नाही, तिथे कागदाची सुटी पट्टी ठेवावी. ग्रंथालयाच्या आणि उसन्या पुस्तकातही पट्टीच.

नेहमीची चूक म्हणजे वाचता वाचता अधोरेखित करणं. सुरुवातीला सगळंच महत्त्वाचं वाटतं, पहिली वीस पानं रेघांनी भरतात आणि पुढे उत्साह संपतो. आधी प्रकरण संपवावं, मग मागे येऊन समासात उभी रेघ ओढावी. पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, पण त्याच्याजवळ कारणाचे दोन शब्द हवेत. वर्षभरानं नुसतं प्रश्नचिन्ह भेटलं की तो प्रश्न आपल्यालाच पडतो. शेवटच्या कोऱ्या पानावर आपली सूची करावी: पान क्रमांक आणि पुढे तीन-चार शब्द, बस.

समास कधीतरी अपुरा पडतोच. गणितज्ञ पिएर द फर्मानं सुमारे १६३७ मध्ये एका पुस्तकाच्या समासात लिहिलं की एका गणिती विधानाची सिद्धता सापडली आहे, पण इथे मावत नाही. ती नोंद त्याच्या मुलानं १६७० मध्ये छापली. त्या विधानाची सिद्धता प्रसिद्ध व्हायला १९९५ उजाडलं, तीही दुसऱ्याच गणितज्ञाची. तेव्हा मावेनासं झालं की सरळ वही घ्या.

वहीत दुसऱ्या दिवशी लिहावं, पुस्तक मिटून, आठवेल तसं, आठ-दहा ओळी. लेखकाची वाक्यं उतरवू नयेत. त्यात हात चालतो, डोकं नाही. आपल्या शब्दांत लिहिताना एखादं वाक्य मध्येच अडतं, काही केल्या पुढे सरकत नाही. कळलंय असं वाटलं होतं, पण कळलेलं नसतं ते नेमकं तिथे. मग सूचीतून पान काढायचं आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायचा. बहुतेकदा पहिल्या वेळी नजरेतून निसटलेला एखादा ‘परंतु’ तिथे सापडतो.