सांगलीत बोर्डशॉर्ट

आज भाच्याला घेऊन मारुती रोडला गेलो होतो. दहावी पास झाल्याचे कपडे. पठ्ठ्यानं निवडलं काय, तर लाटांच्या प्रिंटची बोर्डशॉर्ट, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवर घसरणाऱ्या सर्फरांची चड्डी, आणि छातीवर सर्फबोर्ड छापलेला टी-शर्ट. इथून समुद्र गाठायचा तर आंबा घाट उतरावा लागतो!

पण चड्डी हातात घेऊन बघितली आणि मलाच आवडली, खोटं कशाला बोला. कमरेला इलॅस्टिक नाही, नाडी. पुढं चेनऐवजी वेल्क्रो. सर्फर बोर्डवर पालथा पडून हातानं पाणी मारत जातो, तिथं चेन टोचणारच की. कापडही झटपट वाळणारं. असले कपडे करणाऱ्या क्विकसिल्व्हर आणि रिप कर्ल, दोन्ही कंपन्या १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या टॉर्की गावात निघाल्या, लाटांवर जाणाऱ्या पोरांसाठीच. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते टोकियोला, २०२१ मध्ये. कपडे त्याच्या कितीतरी आधी गल्लोगल्ली पोचले.

दुकानदार म्हणाले, "घ्या की दादा, पावसात गाडीवर भिजली तरी लगेच वाळतीया." हे मात्र पटलं. भाचा तर कृष्णेत पोहायला हीच घालणार म्हणतोय.

आत्ताच ताईचा फोन येऊन गेला. "एवढ्या पैशात दोन जीन्स आल्या असत्या!"