चांदीचा चमचा चालत नाही

चांदीच्या चमच्याने कॅव्हिआर खायचं नाही, हा नियम मला फार आवडतो. तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मलेल्यांनी बाकी सगळं खुशाल खावं, पण या पदार्थापुढे बसताना तो चमचा बाजूला काढून ठेवावा. कारण साधं आहे. कॅव्हिआर म्हणजे माशाची अंडी, आणि त्यांना चांदी लागली की चमचा काळा पडतो आणि तोंडात धातूची चव रेंगाळते. म्हणून शिंपल्याच्या आतल्या झळझळीत थराचा चमचा वापरतात. तो नसेल तर हाडाचा, लाकडाचा आणि अगदीच अडलं तर प्लास्टिकचा. म्हणजे आइस्क्रीमच्या कपाबरोबर मिळालेला चालेल, आजीच्या रुखवतातला नाही. आणि एवढं सोवळं पाळून माल येतो मात्र पत्र्याच्या डबीत! आतून लॅकरचा लेप दिलेला असतो, तेवढ्याने शुद्धी होते.

कॅव्हिआर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी. स्टर्जन हा डायनोसॉरच्या काळापासून चालत आलेला, अंगावर हाडांच्या ढाली बाळगणारा, लांब सोंडेचा मासा. बेलुगा, ओसेत्रा, सेव्रुगा ही त्यातली नामांकित घराणी, आणि कास्पियन समुद्र व व्होल्गा नदी हे त्यांचं माहेर. माशाच्या पोटातून अंड्यांची पिशवी काढायची, ती चाळणीवर हलक्या हाताने घासायची, म्हणजे पडदा वर राहतो आणि मोती खाली पडतात. मग गार पाण्यात धुवायचे, निथळायचे आणि हाताने मीठ लावायचं, वजनाच्या तीन-चार टक्के. इथेच सगळी मख्खी आहे. मीठ किती आणि कधी थांबायचं, हे ठरवणारा माणूस कारखान्यात सगळ्यांत मानाचा. नंतर १.८ किलोच्या डब्यात अंडी काठोकाठ भरायची, झाकण दाबून हवा काढायची आणि फटीवर एक रुंद रबरबँड चढवायचा. इतक्या महागाच्या वस्तूचं कुलूप म्हणजे एक रबरबँड, हे मला भारी वाटतं.

आमच्या घरी भाच्याने एक इवलीशी डबी आणली होती. त्याने शिकवल्याप्रमाणे आम्ही अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खोबणीत, हाताच्या पाठीवर, चिमूटभर दाणे घेतले. अंगाच्या उबेने ते किंचित सैलावतात. राखाडी-काळे, तेलकट चकाकीचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे. टाळूला जिभेने दाबले की फुटतात आणि आधी लोणी, मग ओल्या अक्रोडासारखं काहीतरी, शेवटी समुद्र. चांगलं लागलं, खोटं कशाला बोलू. मालवणची आत्या मात्र हात पुढे न करताच विचारती झाली, ‘‘कच्चीच खातत? तेंच्या घराक तेल नाय काय?’’ तिच्या हिशेबात माशाच्या पोटात निघते ती गाबोळी, आणि गाबोळीला हळद, तिखट, लसूण लागतो, रवा लागतो, तापलेला तवा लागतो. त्यातलं काहीच नाही म्हणजे काम अर्धवट टाकून कोणीतरी उठून गेलेलं. मी तिला किंमत सांगितली नाही. ती मासे वजनावर नाही, वाट्यावर घेत आलेली बाई.

पण आत्याच्या डोळ्यांनी कॅव्हिआरकडे पाहणारी माणसं खुद्द कास्पियनच्या काठीही होतीच. १९७० सालच्या एका गाजलेल्या सोव्हिएत चित्रपटात त्या किनाऱ्यावरच्या कस्टम अधिकाऱ्याची बायको त्याच्यापुढे काळ्या कॅव्हिआरने भरलेला वाडगा ठेवते आणि तो करवादतो, रोज रोज हे मेलं कसं खाऊ, जरा पाव तरी आणायचा! रशियन प्रेक्षक त्यावर हसले, कारण तोपर्यंत त्यांच्या घरात ते नववर्षाच्या रात्री पाव-लोण्यावर पातळ पसरण्यापुरतंच उरलं होतं.

अमेरिकेचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात डेलावेअर नदी स्टर्जनने भरलेली होती. १८७३ मध्ये हेन्री शाख्त नावाच्या जर्मन माणसाने तिथे कॅव्हिआरचा धंदा सुरू केला आणि न्यू जर्सीत डेलावेअरच्या उपसागरावर एक गाव उभं राहिलं, त्याचं नावच कॅव्हिआर. तिथून डबे युरोपला जायचे. सांगतात की तेव्हा अमेरिकन दारूच्या गुत्त्यांत ते फुकट ठेवत, खारट खाऊन गिऱ्हाईक आणखी बिअर मागेल म्हणून. आपल्या बारमधले खारे शेंगदाणे, बस. विसावं शतक उजाडताना नदीतला मासा संपत आला. मग गावही ओसरलं आणि उरलेलं नावही बदलून बेसाइड झालं.

इराणची तऱ्हा आणखी न्यारी. उत्तम माल त्यांच्या किनाऱ्याला, पण शिया धर्मशास्त्रात खवल्यांवाचून असलेला मासा निषिद्ध. स्टर्जनच्या अंगावर ढाली आहेत, खवले कुठे आहेत? म्हणून वर्षानुवर्षं पकडणारे पकडत, खारवणारे खारवत, डबे जात परदेशी. शेवटी जाणकारांनी शेपटीकडे खवले शोधून काढले आणि १९८३ मध्ये आयातुल्ला खोमेनींनी मासा हलाल ठरवला. शेपटीवरून निकाल लागलेला दुसरा खटला माझ्या ऐकण्यात नाही.

या माशाचा खरा घात त्याच्या सवडीने झाला. बेलुगाची मादी वयात यायलाच १५-२० वर्षं घेते, आणि नंतरही दरवर्षी अंडी घालत नाही. अंडी घालायला ती समुद्रातून नदीत वर चढते आणि तिला पकडायचं ते नेमकं तेव्हाच. आपल्याकडे मासे अंड्यावर असतात म्हणून पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, नारळीपौर्णिमेआधी दर्यात जायची रीत नाही. इथे तर अंड्यावर असणं हीच तिची किंमत. त्यात व्होल्गोग्राडच्या धरणाने तिची वरची वाट अडवली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका पहारेकऱ्याच्या जागी चार देश आले, म्हणजे व्यवहारात कोणीच नाही. चोरट्या शिकारीला ऊत आला. १९९८ पासून जगभरच्या स्टर्जनच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, २००५ मध्ये अमेरिकेने बेलुगाची आयातच थांबवली.

आज ताटात येतं ते बहुतेक शेततळ्यातलं, आणि त्यात चीन सगळ्यांच्या पुढे. हांगझोऊपासून काही तासांवरच्या छ्येनताओ तलावात त्यांचा मोठा कारभार आहे. हा तलाव धरणाचा जलाशय. एका धरणाने ज्या माशाची वाट बंद केली, दुसऱ्या धरणाच्या पाण्यात त्याच जातकुळीच्या माशांना पिंजऱ्यात खाऊ घालून मोठं करतात. जुन्या वळणाचे खवय्ये चिनी नाव ऐकून नाक मुरडतात. पण पॅरिसच्या बड्या हॉटेलांतली डबी कोणाची, हे त्यांनी न विचारलेलं बरं.

या शेतीतली एक गोष्ट वाचून मात्र मी थबकलो. नर आणि मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. म्हणून मासे तीनेक वर्षांचे झाले की एकेकाला पाण्यातून उचलून त्याची सोनोग्राफी करतात. आपल्याकडे त्या यंत्राच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी कायद्याने लावावी लागते. तिथे दिवसभर दुसरं काही करतच नाहीत. आणि निवडही उलटी: नर निघाला की त्याची रवानगी मांसाच्या बाजारात, मादी निघाली की तिची पुढची कित्येक वर्षं बडदास्त. तिला वेळेवर खाणं, स्वच्छ पाणी, अधूनमधून पुन्हा सोनोग्राफी. अंडी नीट पिकली असं पडद्यावर दिसलं, की बहुतेक ठिकाणी तिलाही कापतात.