तुम्ही विचारलंत म्हणून: कच्चे खाणाऱ्या कुत्र्याला अडीअडचणीला काय घालावे

ऐरोलीत सकाळी कुत्री फिरवायला येणाऱ्यांमध्ये आमची चिंगी कच्चे मांस खाते ही गोष्ट एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे नव्याने ओळख झालेला माणूस दोन-चार दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतो. "रोजचे ठीक आहे हो, पण गावाला जायचे असले, वीज गेली, दुकाने बंद असली, किंवा तुम्हीच तापाने झोपून राहिलात, तर हिला काय घालता?" रस्त्यात उभ्याने या प्रश्नाचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी रोजचे जेवण कसे असते ते सांगते, कारण पर्याय त्याच्याशीच ताडून पाहावा लागतो. चिंगी देशी आहे, पूर्ण वाढलेली आहे आणि तिचे वजन १८ किलो आहे. प्रौढ कुत्र्याला त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के कच्चे अन्न लागते, असा ढोबळ हिशेब असतो. त्यानुसार तिला दिवसाला साधारण ४५० ग्रॅम मिळते. त्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग मांसाचा, दहा टक्के खाता येण्याजोग्या हाडांचा आणि दहा टक्के अवयवांचा असतो. या शेवटच्या दहा टक्क्यांत निम्मी कलेजी आणि निम्मा गुर्दा किंवा तिल्ली (प्लीहा) असते. पेटा (कोंबडीचे मांसल जठर) आणि दिल हे मांसातच धरायचे असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. परदेशी तक्ते गोमांस गृहीत धरून बनवलेले असतात. आपल्या राज्यात २०१५पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्यामुळे आपला भर चिकन, म्हशीचे मांस आणि अधूनमधून बकऱ्याची वजडी यांच्यावरच राहतो.

आता मुख्य गोष्ट. अडचणीच्या वेळी काय घालावे, या प्रश्नाच्या आधी ही अडचण किती दिवसांची आहे, हा प्रश्न विचारावा असे माझे ठाम मत आहे. निरोगी प्रौढ कुत्र्याचे अन्न दोन-चार दिवस असंतुलित झाले तर काही बिघडत नाही. तेवढ्यापुरते पोट भरले पाहिजे आणि ते बिघडता कामा नये, एवढेच पाहावे. अडचण आठवड्याच्या पुढे गेली की हाडांतून मिळणारे कॅल्शियम कोठून येणार, हे पाहणे भाग पडते. महिनाभराचा प्रश्न असेल तर घरच्या अंदाजावर न विसंबता संपूर्ण आणि संतुलित म्हणून बनवलेलेच अन्न घ्यावे. माणसे नेमके याच्या उलट वागतात. एका दिवसाच्या दुकानबंदीसाठी ती महागडी पाकिटे मागवतात आणि तीन आठवड्यांच्या गावच्या मुक्कामात नुसत्या चिकन-भातावर काम भागवतात.

एक-दोन दिवसांसाठी सर्वांत सोपी वस्तू म्हणजे अंडी. महावीर जयंती किंवा गांधी जयंतीला मांसाची दुकाने बंद असतात, तेव्हा मी उकडलेली अंडी, थोडा मऊ भात आणि वाफवलेला लाल भोपळा कालवून देते. बाहेरून मागवलेले चिकन मात्र कधीही देऊ नये, मग ते कितीही बेताचे मसालेदार असो. आपल्याकडच्या वाटणात कांदा आणि लसूण असतातच आणि त्या दोहोंमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा होते. तुकडे धुऊन दिले तरी आत मुरलेला रस जात नाही.

विजेचा प्रश्न घोडबंदर रोडवरच्या आणि आमच्या बाजूच्या रहिवाशांना वळवाच्या पावसात विशेष जाणवतो. फ्रीझर पूर्ण भरलेला असेल आणि त्याचे दार उघडले नाही, तर माल सुमारे ४८ तास गोठलेला राहतो. अर्धा भरलेला असेल तर सुमारे २४ तास. फ्रीजच्या खालच्या भागाची हमी मात्र चार तासांपलीकडे धरू नये. म्हणून मी एकेका वेळचे जेवण चपट्या डब्यांत भरून ते एकमेकांना खेटून ठेवते आणि मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. वीज आल्यावर डबा उघडून बोटाने दाबून पाहावे. मांसात बर्फाचे खडे अजून कचकचत असतील तर तो पुन्हा गोठवता येतो. मांस गार असले पण मऊ पडले असेल, तर त्यातले बिनहाडाचे तुकडे त्याच दिवशी शिजवून टाकावेत. कोमट लागले तर टाकून द्यावे. ते शिजवून वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

शिजवण्याचा विषय निघाला आहे, तर त्यावर थोडे थांबते, कारण माझ्या दृष्टीने हाच सर्वांत हाताशी असलेला आणि सर्वांत कमी लेखला गेलेला पर्याय आहे. कच्चे खाणाऱ्या कुत्र्याला शिजवलेले दिले म्हणजे नियम मोडला, असे काही जण मानतात, ते मला पटत नाही. अडचण एवढीच आहे की शिजवलेले हाड देता येत नाही. कोंबडीच्या कच्च्या मानेतले हाड लवचीक असते आणि दाताखाली चुरडले जाते. शिजल्यावर तेच हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या आतड्यात रुतू शकतात. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेले मांससुद्धा कडेने शिजते, हे लक्षात ठेवून हाडाचा माल नेहमी फ्रीजमध्येच रात्रभर वितळू द्यावा.

हाड काढले की कॅल्शियमही जाते आणि मांसात तर स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते. हा तोल अंड्याच्या कवचाने सांभाळता येतो. कवचे स्वच्छ धुऊन दहा मिनिटे उकळावीत, कडक वाळवावीत आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात इतकी बारीक दळावीत की चिमटीत धरल्यावर पिठासारखी लागतील आणि खरखर जाणवणार नाही. बिनहाडाच्या साधारण ४५० ग्रॅम मांसाला ही पूड अर्धा चमचा पुरते. त्यातून सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. काचेच्या बरणीत ती महिनोन्‌महिने टिकते. चिकन थोड्या पाण्यात मीठ न घालता शिजवावे, त्यात कलेजीचा लहान तुकडा टाकावा, पाणी फेकून न देता त्यातच कालवावे आणि गार झाल्यावर पूड मिसळावी. कलेजी आवडते म्हणून हात सैल सोडू नये, कारण तिच्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते. आठवडा-दोन आठवडे एवढ्यावर निभावते. त्यापुढे जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व अशा बारीक गोष्टी कमी पडू लागतात.

शिजवण्याची तयारी असण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला फार गंभीर वाटते. फेब्रुवारी २०२२मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले; त्यांना बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची लागण झाल्याचे तपासणीत निघाले आणि संसर्ग खाण्यातून आला असावा असा संशय व्यक्त झाला. मांजरकुळाला हा विषाणू कुत्र्यांपेक्षा जास्त घातक ठरतो हे खरे, तरीही परिसरात अशी बातमी आली की कच्चे चिकन मी त्याच दिवशी थांबवते. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसच्या वर शिजलेल्या मांसात हा विषाणू तगत नाही. गोठवल्याने मात्र तो मरत नाही आणि साल्मोनेला जिवाणूही मरत नाहीत. थंडीत जिवाणूंची वाढ तेवढी थांबते. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२मध्येच कच्च्या मांसाहाराविरुद्ध भूमिका घेतली ती याच कारणाने. माझे डॉक्टरही कच्च्याच्या बाजूचे नाहीत आणि त्यांचे म्हणणे मी बाजूला सारत नाही. घरात तान्हे मूल, केमोथेरपी घेणारा रुग्ण किंवा फार थकलेले वृद्ध माणूस असेल, तर शिजवलेलेच कायमचे करावे, असे मी विचारणाऱ्याला सांगते.

याच मुद्द्यावर फ्रीझ ड्राय केलेल्या अन्नाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. हे अन्न आधी गोठवतात आणि मग निर्वात जागेत त्यातल्या बर्फाची थेट वाफ होऊ देतात. त्यामुळे मांस हलके, कोरडे आणि खोलीच्या तापमानाला टिकणारे होते. परंतु ते शिजलेले नसते. उत्पादकाने जंतुनाशासाठी वेगळी प्रक्रिया केली नसेल, तर ते कच्चेच समजून हात आणि भांडी धुवावीत. प्रवासासाठी यासारखी सोय नाही, हे मान्य केले पाहिजे. कच्च्या मांसात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते, म्हणून चिंगीचे ४५० ग्रॅमचे जेवण वाळून सव्वाशे-दीडशे ग्रॅमवर येते. त्यावर कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटे थांबले की भुसभुशीत तुकडे फुगतात, पाणी तपकिरी होते आणि चिंगी भांड्याभोवती घिरट्या घालू लागते. कोरडेच देऊ नये. किंमत मात्र भारी असते, म्हणून मी ते केवळ गाडीतल्या आणि मुक्कामाच्या पहिल्या दिवसासाठी ठेवते. कच्चे मांस बर्फाच्या पेटीतून कोकणात नेण्याच्या भानगडीत पडू नये. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला गाड्यांची रांग लागली की पेटीतल्या बर्फाचा हिशेब चुकतोच.

आता ड्राय फूड. कच्चे घालणाऱ्यांना त्याचे नावही नकोसे वाटते, पण मोठ्या मुक्कामाला आणि कुत्रे दुसऱ्याच्या हवाली करताना माझा भरवसा त्यावरच असतो. कुत्र्यांच्या वसतिगृहात बहुतेक ठिकाणी कच्चे मांस घ्यायला तयार नसतात, आणि तिथल्या मुलाने ते नीट वितळवावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. पाकिटावर प्रौढ कुत्र्यासाठी संपूर्ण आणि संतुलित असा स्पष्ट उल्लेख पाहावा. पूरक किंवा खाऊ असे लिहिलेले अन्न जेवण म्हणून चालत नाही. हीच पारख घरपोच येणाऱ्या गोठवलेल्या आणि शिजवलेल्या डब्यांनाही लावावी.

प्रमाणाबाबत गफलत होते ती येथे. ड्राय फूडच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे कच्च्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून चिंगीला सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम पुरते. भांडे अर्धे रिकामे दिसले तरी वाढवू नये. दुसरी गोष्ट पाण्याची. कच्च्या जेवणातून तिला रोज सुमारे ३०० मिलिलिटर पाणी आपोआप मिळते. ड्राय फूडमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आसपासच असते. कच्चे खाणारी कुत्री एरवी पाणी कमी पितात आणि ही सवय लगेच बदलत नाही, म्हणून ड्राय फूड भिजवून द्यावे. कच्चे आणि ड्राय फूड एकत्र दिले तर पचनाचा वेग वेगळा असल्याने विषबाधा होते, असे ठामपणे सांगितले जाते. त्याला भक्कम आधार नाही. पोट बिघडते ते अचानक बदलामुळे. म्हणून अडचण नसतानाही मी आठवड्यातून एकदा तिच्या जेवणात मूठभर ड्राय फूड किंवा शिजवलेले चिकन घालते, म्हणजे प्रसंग येईल तेव्हा ते तिच्या पोटाला नवे नसते. आपल्या दमट हवेत मोठी गोणी घेऊ नये. तिच्यातली चरबी खवट होते. लहान पाकीट घ्यावे, ते पिशवीसकट घट्ट डब्यात ठेवावे आणि महिना-दीड महिन्यात संपवावे.

गणपतीचा प्रश्न अनेक जणी अगदी हळू आवाजात विचारतात. आमच्या सासरी, रत्नागिरीजवळच्या गावात, ते दिवस पूर्ण शाकाहारी असतात. सासूबाईंना मी आधीच विचारते आणि त्यांची अडचण होईल असे काही करत नाही. चिंगीला खळ्याच्या कडेला, तिच्या स्वतःच्या भांड्यात, भिजवलेले ड्राय फूड आणि थोडे ताजे दही मिळते. ज्या घरी तेही चालत नसेल तेथे पनीर, दही आणि भात यांवर चार-पाच दिवस निघतात. दूध मात्र नको, त्याने पोट सुटते. लक्ष ठेवायचे ते प्रसादावर. शिऱ्यात बेदाणे असतात आणि बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, त्यामुळे घरातल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी जवळ बसवून सांगते की चिंगीला शिरा द्यायचा नाही.

यातले काहीही पिल्लांना लागू करू नये. विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियमचे कमी-जास्त प्रमाण सोसत नाही आणि त्यांची हाडे वाकडी होतात, म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूडही घालू नये आणि जेवणही बदलू नये.

घरी परतल्यावर पुन्हा कच्चे सुरू करताना पहिले एक-दोन दिवस बिनहाडाचे मांस अर्ध्या प्रमाणात द्यावे, बाकीचे अर्धे शिजवलेले ठेवावे. शौच घट्ट आणि नेहमीसारखे झाले की चिकनची एक मान द्यावी. शौच पांढरे आणि खडूसारखे भुरभुरीत झाले तर हाड जास्त झाले असे समजून ते कमी करावे, आणि कलेजी सर्वांत शेवटी परत आणावी.