रेडिएशनची भीती नाही का वाटत?

परवा सत्यनारायणाच्या पूजेला प्रसाद हातात देता देता एका काकूंनी विचारलं, "तुम्हाला रेडिएशनची भीती नाही का वाटत?" हा प्रश्न मला लग्नाकार्यात हमखास येतो. "सवय झाली हो," म्हणून मी वेळ मारून नेली, पण ते उत्तर खरं नव्हतं. आमच्या कामात सवय होऊन चालतच नाही. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

मी मुंबईत कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर, म्हणजे विद्युतभारित अणूंना प्रचंड वेग देणाऱ्या मशीनवर, तंत्रज्ञ आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचं हे मशीन १९८८ पासून चालू आहे. सुमारे २५ मीटर उंचीची उभी पोलादी टाकी, आणि तिच्या पोटात मध्यावर टर्मिनल, म्हणजे विद्युतभार साठवणारा धातूचा भाग. त्यावर १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत व्होल्टेज चढवता येतं. वरून सोडलेल्या ऋण आयनांना, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंना, हे धन टर्मिनल खाली खेचून घेतं. तिथं केसाच्या हजारो पटींनी पातळ असा कार्बनचा पापुद्रा लावलेला असतो. त्यातून जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन सोलून निघतात, तो धन होतो, आणि मग तेच टर्मिनल त्याला खाली ढकलून देतं. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा! इतकी वर्षं झाली, तरी ही युक्ती सांगताना मला आनंद होतो.

आता रेडिएशन. ते मुख्यतः बीम, म्हणजे या वेगवान आयनांचा झोत, चालू असताना असतं, आणि तेव्हा आम्ही जाड भिंतींच्या अलीकडे, कंट्रोल रूममध्ये असतो. बीम बंद केला की बहुतेक सगळं थांबतं. जिथं बीम आदळतो त्या भागांत थोडं उरतं, म्हणून मीटरने मोजल्याशिवाय तिकडे जात नाही. छातीवर रेडिएशन नोंदवणारा बिल्ला असतोच, तोही ठरावीक मुदतीने तपासला जातो. मीटर दाखवतो त्या गोष्टीला घाबरण्यापेक्षा मीटर वाचलेला बरा.

मला खरी धास्ती वाटते गॅसची. एवढं व्होल्टेज हवेत टिकत नाही, म्हणून टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड दाबाने भरलेला असतो. रंग नाही, वास नाही, हवेच्या पाचपट जड. तो विषारी नाही, पण खोलगट जागी साचला की तिथला प्राणवायू हटवतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. शिवाय पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून भारी आहे. तेव्हा टाकी उघडायची म्हणजे आधी सगळा गॅस साठवणीच्या टाक्यांत ओढून घ्यायचा, मग हवा खेळवायची, मग ऑक्सिजन मोजायचा. मीटरवर २१ टक्के दिसल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. तळाशी तर पुन्हा मोजायचं, कारण जड गॅस तिथंच दडून बसतो.

आत आम्ही चेन तपासतो. पोलादी गोळ्या नायलॉनच्या कड्यांनी जोडलेल्या, गळ्यातल्या माळेसारख्या. याच चेन टर्मिनलपर्यंत विद्युतभार वाहून नेतात. बॅटरीच्या उजेडात एकेक कडी बोटांनी फिरवून बघायची. कुठं चीर आहे का, पुलीजवळ काळी भुकटी पडली आहे का. माझं सगळ्यात आवडतं काम हेच. घाई करणाऱ्याला ते कधीच जमत नाही. बाहेर येताना हत्यारं मोजायची, आणि स्पिरिट लावलेल्या कापडाने सगळं पुसून काढायचं. कापडाचा एक धागा मागे राहिला तरी तिथं ठिणगी पडू शकते.

टाकी बंद करून गॅस भरला की व्होल्टेज चढवायचं, तेही जिना चढल्यासारखं. मध्येच आत ठिणगीचा कडाका होतो आणि व्होल्टेजचा काटा धाडकन खाली येतो. मग जरा उतरायचं, थांबायचं, पुन्हा चढायचं. रात्रपाळीत यातच पहाट होते.

काकू, दुसरी भीती म्हणाल तर ती प्रयोगासाठी खाली बसलेल्या पोरांची. पीएचडी करणारा एखादा मुलगा महिनोन्‌महिने थांबून चार दिवसांचा बीम मिळवतो. डिटेक्टर लावून, न झोपता तो वाट बघत असतो. त्याचे दोन दिवस माझ्या एका धाग्यापायी वाया गेले तर? दर अर्ध्या तासाने त्याचा फोन येतो, "सर, बीम आला का?" मी बीमचा प्रवाह मोजणाऱ्या फॅराडे कपावरचा आकडा बघतो. सुई हलते, स्थिरावते.

"आला. घे."