मूठभर मांस

जिममध्ये पहिल्याच दिवशी तिथल्या पोरानं विचारलं, "सर, बल्किंग करायचंय का कटिंग?"

"कटिंग कालच केली," मी म्हटलं.

तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं की मला कळलेलं नाही. पोरगा तेवीस-चोवीसचा, डोले टी-शर्टच्या बाहीत मावत नव्हते, पण बोलायला अतिशय नम्र. त्यानं समजावून सांगितलं: बल्किंग म्हणजे भरपूर खायचं, जड वजनं मारायची, अंग भरू द्यायचं, त्यात थोडी चरबी आली तर येऊ द्यायची. कटिंग म्हणजे खाणं आवरायचं, चरबी उतरवायची, की खालचे पॅक्स, म्हणजे पोटाच्या स्नायूचे कप्पे, दिसायला लागतात. मी विचारलं, दोन्ही एकदम नाही का होत? "नवीन माणसाला होतं सर, थोडे महिने. नंतर एक काहीतरी धरावं लागतं." आणि फॉर्मवर पेन टेकवून तो थांबला.

माझं वय त्रेचाळीस, वजन ६८. समोरून बघितलं तर मी सडपातळ आहे आणि बाजूनं बघितलं तर सुखवस्तू. असल्या माणसानं काय सांगावं? "उद्या सांगतो," म्हणून मी घरी आलो. दुधाचा रतीब लावतानाही मी एवढा विचार केला नव्हता.

खरं तर आमच्या घरात हा प्रश्न कधी पडलाच नसता. आमचं मूळ कोल्हापूरचं. माझे चुलते, आबा, तरुणपणी तालमीत होते. पहाटे चारला उठायचं, जोर काढायचे, बैठका मारायच्या, लाल मातीत अंग घुसळायचं आणि मग खुराक. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून केलेली थंडाई, दूध, तूप. खासबागेत शाहू महाराजांनी मैदान बांधून घेतलं ते १९१२ साली पुरं झालं. तिथली कुस्ती बघायला आमचे आजोबाही जायचे. थोडक्यात, वजन हा आमच्याकडे अभिमानाचा विषय. आबांचा लंगोटातला एक फोटो माजघरात आहे. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही, मांड्या उखळासारख्या, छाती दाराएवढी. आणि पोट? पोट आहे. चांगलं घट्ट, गोल, भरीव. त्यावर एकही रेघ नाही.

लहानपणी त्या फोटोत मला काही कमी वाटलं नव्हतं. पॅक्स नावाची चीज सिनेमामुळे आमच्या गल्लीत आली तेव्हा मी कॉलेजही संपवलं होतं. एकदा कुठल्याशा नटाचं उघडं पोट टीव्हीवर बघताना आबांना विचारलं, "तुमच्या पोटावर असं का नव्हतं?" आबा म्हणाले, "रेघा कशाला रं? वही हाय का ती? काय हिशेब लिवायचा हाय पोटावर?"

त्यात तालमीचा विचारही आहे. कुस्तीत पोट दाखवायचं नसतं, कंबर हलू द्यायची नसते. खालून पटात, म्हणजे पायांत, शिरणाऱ्याला आपण उचलता येऊ नये, यासाठी अंगात वजन हवं आणि ते खालच्या बाजूला हवं. अर्थात कुस्ती म्हणजे फक्त आडव्या अंगाच्या माणसांची नव्हे. खाशाबा जाधव हेलसिंकीला १९५२ साली कांस्य घेऊन आले ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात. पण गंमत अशी की चार वर्षं आधी लंडनला ते फ्लायवेटमध्ये, ५२ किलोच्या गटात खेळले होते आणि सहावे आले होते. मधल्या काळात गट एक पायरी वर सरकला. त्याला बल्किंग म्हणणं हा माझा अगाऊपणा, पण मला तो मोह आवरत नाही.

आपली भाषासुद्धा या बाबतीत सरळसरळ तालमीच्या बाजूची आहे. बाळ बाळसं धरतं, पोरगी अंगानं भरते, आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढतं. उलट बारीक माणसाच्या वाट्याला काय येतं? हाडाचा सापळा, काडीपैलवान, पाप्याचं पितर. पोटाच्या रेषा दिसणं ही तर आपल्याकडे शोभेची गोष्ट नव्हतीच. पोट पाठीला लागलं, बरगड्या मोजून घ्याव्यात, ही दुष्काळाची वर्णनं. आईला जाऊन "माझी चरबी बारा टक्क्यांवर आली" असं सांगितलं तर ती आधी दृष्ट काढेल आणि मग डॉक्टरकडे नेईल. चरबी हा शब्दही आपण फक्त शिवी म्हणून वापरतो: चरबी आलीय का?

एकच शब्द मधला आहे, काटक. अंगात मांस फारसं नाही, पण चढ चढून गेला तरी धापत नाही असा माणूस. पण काटकपणा दिसावा लागत नाही, तो चालताना कळतो. काटक माणसानं कधी शर्ट काढून आरशासमोर फोटो घेतल्याचं ऐकिवात नाही.

आणि दुसरा शब्द, कमावलेलं शरीर. शरीर, पैसा आणि कातडं या तिन्ही गोष्टी मराठीत कमावतात. मला हे फार आवडतं. साठवणं वेगळं, कमावणं वेगळं. माझ्या पोटावर जे होतं ते साठवलेलं होतं.

तरीही त्या रात्री मन कटिंगकडेच झुकत होतं, हे कबूल करतो. कारण सोपं दिसत होतं. आमच्या गावच्या मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत आलाय; आता तो मारुती कमी आणि गोटा जास्त दिसतो. पण आत कोरीव मूर्ती आहे असं सगळे मानतात. तसंच माझंही असणार, वरचं पुट काढलं की झालं, असा माझा हिशेब. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे गणपतीत सुरू केलं तर दिवाळीला मारुती दिसायला हरकत नाही. गणपतीत कोण सुरू करतं हा वेगळा मुद्दा.

पुण्यात राहायला लागल्यापासून एक गोष्ट कानावर होती, ती नेमकी तेव्हा आठवली. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. कागदावर जुळे भाऊ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. स्वतःच्याच शरीराचा असा दाखला जगापुढे ठेवायला मन मोठं लागतं. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, पण कातडीखालची चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. कमी होतं ते मांस.

म्हणजे बाजूनं सुखवस्तू हे मी एकट्यानं बसून खाऊन केलेलं नाही, त्यात थोडा वडिलोपार्जित वाटा आहे, हे कळून बरं वाटलं. पण दुसरी गोष्ट कळून तितकंसं बरं वाटलं नाही. माझा शेंदूर उतरवला असता तर आत मारुती नव्हता. आत अजून एक बारीक गोटाच होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला हे सगळं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून फॉर्मवर 'बल्क' लिहिलं. मग त्याच्या आधी 'लीन', म्हणजे चरबी न वाढवता, असा शब्द घातला, माझ्या पोटाकडे बघून. वडापाव आणि बनमस्का खाऊन वजन वाढवतात त्याला पोरं डर्टी बल्क म्हणतात. आमच्यासारख्यांचं जास्तीचं खाणं दंडाचा पत्ता विचारतच नाही, थेट पोटात उतरतं. म्हणून खायचं थोडंसंच जास्त, पण प्रथिनं मोजून. वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम. माझे झाले १०९. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे अठरा अंडी. "वरण चालेल का?" मी विचारलं. "कोणतं सर?" आमच्या घरचं वरण, ज्यात डाळ शोधावी लागते ते. तो फक्त हसला.

मग दूध, दही, मटकी, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या अशी जुळवाजुळव सुरू झाली. श्रावण लागला आणि अंडी बंद झाली. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे प्रथिनांच्या नावानं त्यातले दाणे तेवढे. पोरगा म्हणाला, "सर, तुमचा देव तुमचा बल्क होऊ देत नाही." मी म्हटलं, कोणत्या देवाविषयी बोलतोयस? आमचा एक लंबोदर आहे. पण हल्ली त्याच्याही काही मूर्तींना छाती आणि पॅक्स काढायला लागलेत. उंदीर तेवढा अजून बल्किंगवर आहे.

पॅक्सबद्दल त्यानं एक गोष्ट मात्र मला कधी सांगितली नाही, ती मी नंतर वाचली. पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून खाली उतरणारा एक सरळ स्नायू असतो, त्याला आडव्या पट्ट्यांनी कप्पे पडतात. पट्ट्या किती आणि सारख्या रांगेत की वाकड्यातिकड्या, हे जन्मतःच ठरलेलं. कुणाचे चार, कुणाचे सहा, कुणाचे आठ. हजार वेळा पोट आवळून सहाचे आठ होत नाहीत. म्हणजे पत्रिकाच ती, फक्त उघडून बघायची असेल तर उपास करावे लागतात. मांसाचं तसं नाही. तिशीनंतर ते दर दशकाला तीन ते आठ टक्क्यांनी आपणहून उतरत जातं, न सांगता. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून ठेवणारं सर्वांत मोठं गोदाम तेच. आमच्या घराण्यात मधुमेह आहे. पोटावरच्या रेघांपेक्षा गोदाम मोठं असलेलं मला परवडेल.

चार महिन्यांनी दिवाळीला कोल्हापूरला गेलो तेव्हा वजन ७० झालं होतं आणि पट्टा एक भोक आत गेला होता. आईनं दारातच बघितलं आणि म्हणाली, "काय रे, वाळलास." दोन किलो वाढलं म्हणून सांगितलं तर म्हणाली, काटा बिघडला असेल.

आबा ओसरीवर होते. फोटोतल्या मांड्या आता धोतरात शोधाव्या लागतात. उठताना ते आधी खांबाला हात घालतात. पण पंजा अजून फावड्याएवढा. आबांची जुनी सवय आहे: घरातला कुठलाही पोरगा आला की त्याचा दंड मुठीत घेऊन दाबायचा. अंगठा आणि मधलं बोट टेकलं की "पाप्याचं पितर" असा शेरा. माझ्या दंडावर त्यांची बोटं पहिल्यापासून टेकत आली. त्रेचाळीस वर्षं हा शेरा मी ऐकलाय, नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा.

त्यांनी हात पुढे केला. मी दंड दिला. त्यांनी दाबला, सोडला, परत धरला, या खेपेस जरा जोर लावून. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये फट राहिली. फार नाही, बोटभर.

आबांनी आपला पंजा उलटा करून बघितला, मग सुलटा.

"माझीच मूठ आखडली असंल," ते म्हणाले. "ए वैनी, ह्याला लाडू आणा."